लाळेतून कूळ सापडते काय? धाराशिवची दप्तरे, तेरचे 'रोमन रक्त' आणि घरगुती डीएनए चाचणी

१/
नोव्हेंबर २०२३च्या पहिल्या आठवड्यात धाराशिवच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एका तरुणाला कुणबी जातीचे प्रमाणपत्र देण्यात आले. मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी शोधून त्यांच्या आधारे प्रमाणपत्रे देण्याची मोहीम तेव्हा नुकतीच सुरू झाली होती आणि हे त्यातल्या अगदी आरंभीच्या प्रमाणपत्रांपैकी एक होते. ती बातमी राजकारणाची म्हणून वाचली गेली, ते स्वाभाविकच. इतिहासाच्या अभ्यासकाने ती दप्तरखान्याची बातमी म्हणूनही वाचायला हवी. एका तरुणाचे शिक्षण आणि नोकरी एका जुन्या कागदावरील एका शब्दावर येऊन ठेपली होती.

२/
हे कागद कोणते? खासरा पाहणीपत्रक, कूळ नोंदवही, गावातील जन्ममृत्यूंची नोंद ठेवणारे कोतवाल बुक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. लिपी कुठे मोडी, कुठे उर्दू. भाषा क्वचित फारसी. हैदराबाद संस्थानाने १८८०च्या दशकात कारभार फारसीवरून उर्दूवर आणला. गावात मात्र कुलकर्ण्यांची मोडी चालूच राहिली. त्यातच हा मुलूख १८५३ ते १८६० अशी सात वर्षे इंग्रजांकडे होता. तेव्हाचे मुख्यालय नळदुर्ग, आणि आरंभीची काही वर्षे तेथील कारभारी होते 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीचे लेखक मेडोज टेलर. एकाच गावाचा भूतकाळ असा तीन-चार हातांनी, तीन-चार भाषांत लिहिला गेला आहे.

३/
अशा वेळी एक प्रश्न सहज उभा राहतो. इतकी दप्तरे झाडायची, मोडी वाचणारे शोधायचे, उर्दूचे भाषांतर करून घ्यायचे. त्यापेक्षा लाळ देऊन वंश का काढू नये? बाजारात घरबसल्या डीएनए चाचणीची डबी मिळते. नळीत लाळ टाकायची, पाकीट पाठवायचे, काही आठवड्यांत मोबाइलवर नकाशा येतो. पूर्वज कोण, कुठले आणि पुढे कोणते आजार संभवतात, ही सगळी उत्तरे एकत्र मिळतील असे आश्वासन वेष्टनावर असते.

४/
या थ्रेडचे म्हणणे असे आहे की कूळ, जात आणि घराणे हे मुळात नोंदीचे विषय आहेत आणि लाळेच्या नळीकडून त्यांचे उत्तर मागणे व्यर्थ आहे. उलट ज्या विषयात आनुवंशिकीला खरोखर बोलता येते, तो आजारांचा विषय धाराशिवसारख्या जिल्ह्यात कोणी फारसा विचारत नाही.

५/
आधी 'कूळ' हाच शब्द पाहू. लग्नाच्या बोलणीत कूळ म्हणजे घराणे, कुळाचार, कुलदैवत. तलाठ्याच्या सजात कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस. १९५०च्या हैदराबाद कूळकायद्यातील कूळ ते हेच. म्हणजे 'कूळ नोंदवही' हाती आली की त्यात वंशावळ सापडेल असे समजणारा नवखा अभ्यासक पहिल्याच पानावर गडबडतो. तिथे लिहिलेले असते ते कोणाची जमीन कोण कसतो, एवढेच. त्या ओळीत जातीचा उल्लेख आला, तर तो कारकुनाच्या ओघात आलेला असतो. आज त्याच ओघातल्या शब्दाला सोन्याचे मोल आले आहे.

६/
आता नळीतले विज्ञान. माणसाचा जनुकसंच सुमारे ३ अब्ज अक्षरांचा. घरगुती चाचणी तो सगळा वाचत नाही. माणसामाणसांत जिथे फरक पडण्याची शक्यता असते अशा साधारण ६ ते ७ लाख ठिकाणी ती डोकावते आणि तेथील अक्षर टिपते. जाडजूड ग्रंथातील काही ठरावीक शब्द तपासून तो कोणत्या छापखान्यात छापला असावा याचा अंदाज बांधावा, तसे हे काम आहे. अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. पण ग्रंथ वाचून झाला, असे मात्र कोणी म्हणू नये.

७/
अहवालातील टक्केवारी हे मोजमाप नव्हे, ती तुलना असते. कंपनीजवळ आज हयात असलेल्या लोकांचे नमुने असतात. ग्राहकाचा डीएनए त्यांपैकी कोणाशी किती जुळतो, हे संगणक सांगतो. ज्या समूहांचे नमुने भरपूर, त्यांच्यासाठी नकाशा बारीक. ज्यांचे थोडे, त्यांच्यासाठी ढोबळ. पाश्चात्त्य कंपन्यांचे नमुने दीर्घकाळ मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे होते. त्यामुळे आयर्लंडच्या परगण्यांचा भेद दाखवणाऱ्या अहवालात मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर कर्नाटक मिळून एकच रंग दिसला, तर आश्चर्य नाही. कंपनीने नमुने वाढवले की टक्केवारी बदलते. लाळ तीच, पूर्वज तेच, आकडे नवे.

८/
दुसरी मर्यादा गणिताची. दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येकाच्या वंशवृक्षात १,०२४ स्थाने होतात. पिढी २८ वर्षांची धरली तर हा काळ थोरल्या बाजीरावांच्या अखेरीचा. वडिलांकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र या १,०२४ जणांपैकी फक्त एका पुरुषाची खूण वाहते. आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए एका स्त्रीची. उरलेले १,०२२ त्या दोन्ही खुणांत नाहीत. इतर गुणसूत्रे दर पिढीत निम्मी वाटली जातात, त्यामुळे या १,०२४ पैकी बऱ्याच जणांचा एकही तुकडा आजच्या वंशजाच्या शरीरात उरलेला नसतो. कागदावर पूर्वज, रक्तात शून्य. 'रक्ताचा वारसा' हा शब्दप्रयोग करणाऱ्यांनी या गणितापाशी क्षणभर थांबावे.

९/
आता तेरकडे वळू, कारण वंशाच्या कल्पनेची गंमत तिथे चांगली दिसते. धाराशिवपासून जवळच तेरणा नदीकाठी वसलेले हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे लिहिले आहे आणि तिथून साधे कापड, मलमल असा माल गाड्यांनी भडोचच्या बंदरात जातो असे म्हटले आहे. टॉलेमीलाही तगर ठाऊक होते. तगर म्हणजेच तेर ही ओळख विसाव्या शतकाच्या आरंभी जे. एफ. फ्लीट यांनी पटवली.

१०/
तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. १९३८ साली इटलीतील पॉम्पेईच्या उत्खननात जी प्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी हिचे साम्य अभ्यासकांनी फार पूर्वी दाखवले आहे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे दख्खनी कारागिरीशी नाते सांगणारी ती मूर्ती त्यापूर्वीच समुद्रापार पोहोचली होती. तेरच्या मातीतही रोमन जगाशी संबंध दाखवणाऱ्या वस्तू मिळाल्या आहेत. हा पुरावा भक्कम आहे आणि त्याचा अभिमान वाटणे रास्त आहे.

११/
घसरण होते ती पुढच्या पायरीवर. 'रोमन व्यापारी तेरला येत होते' इथून 'इथल्या लोकांत रोमन रक्त आहे' इथवर कल्पना एका उडीत जाते. उद्या कोणाच्या अहवालात '१ टक्का इटली' असे आले, तर ती उडी पुराव्याची वाटू लागेल. हिशेब करून पाहावा. एक टक्का म्हणजे साधारण सहा-सात पिढ्यांमागचा एक पूर्वज. काळ सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा. तगरचा बाजार गजबजला होता त्याला एकोणीसशे वर्षे, म्हणजे पासष्टाहून अधिक पिढ्या झाल्या. तेव्हाच्या एखाद्या एकट्यादुकट्या व्यापाऱ्याचा अंश आज टक्क्यात दिसणे जवळजवळ अशक्य. असा एक टक्का बहुधा तुलनेतील गोंगाट असतो.

१२/
शिवाय वस्तू प्रवास करते तेव्हा माणूस तिच्यासोबत शेवटपर्यंत जातोच असे नाही. तेरचा माल गाडीवानांच्या, तांड्यांच्या, दलालांच्या, खलाशांच्या हातांतून हात बदलत भूमध्य समुद्रापर्यंत गेला असणार. हस्तिदंती मूर्ती पॉम्पेईत सापडली म्हणून तिथे कोणी तेरकर राहत होता, असे म्हणायला कोणी धजत नाही. मग उलट दिशेने तसे म्हणण्याची घाई का?

१३/
याचा अर्थ डीएनए इतिहासाला निरुपयोगी आहे, असा नव्हे. उत्तराखंडातील रूपकुंड सरोवराच्या सांगाड्यांचे उदाहरण घ्यावे. २०१९ साली तेथील ३८ व्यक्तींचा प्राचीन डीएनए प्रसिद्ध झाला. त्यांतील २३ दक्षिण आशियाई निघाल्या, तर १४ जणांचा वंश पूर्व भूमध्य प्रदेशाशी जुळला, आणि हे दुसरे लोक इसवी सन १८००च्या आसपासचे ठरले. सगळे एकाच गारपिटीत मेले ही गोष्ट त्यामुळे कोसळली. इथे हाडे त्या काळची होती, त्या जागची होती आणि त्यांचे वय किरणोत्सारी कार्बनने स्वतंत्रपणे ठरवले होते. त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे व सहकाऱ्यांनी राखीगढीच्या एका हडप्पाकालीन स्त्रीचा जनुकसंच प्रसिद्ध केला; अनेक सांगाडे तपासून शेवटी एकाच व्यक्तीने साथ दिली. आजच्या माणसाची लाळ म्हणजे अशी हाडे नव्हेत. ती आजची आहे.

१४/
तगरचा वंशाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो या विषयाच्या गाभ्याजवळ जातो. कोकण आणि कोल्हापूर भागांत राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. तेर सोडून त्यांच्या पिढ्या लोटल्या असाव्यात, किंवा ते तिथले होते की नाही यावरही वाद घालता येईल; पण ताम्रपटात तगरचे नाव आले की घराण्याला वजन येई. तेवढ्यावर न थांबता ते आपला वंश विद्याधर जीमूतवाहनापर्यंत नेत. देवगिरीचे यादव यदूपर्यंत गेले. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी भोसल्यांच्या सिसोदिया वंशाची परंपरा मांडली गेली. तिच्यावर इतिहासकारांचा वाद अद्याप संपलेला नाही.

१५/
या वंशावळींना खोट्या ठरवून मोकळे होणे हा आळशी मार्ग आहे. वंशावळ हा दावा असतो आणि तो दावा कोणापुढे, कशासाठी केला हे विचारले की ती उत्तम ऐतिहासिक साधन ठरते. शिलाहारांच्या ताम्रपटावरून जीमूतवाहन कळत नाही, पण तगरच्या नावाला नवव्या-दहाव्या शतकांतही केवढी प्रतिष्ठा होती, हे कळते. लाळेच्या अहवालाचेही तसेच वाचन करावे. आजचा माणूस कोणाचा वंशज ठरू इच्छितो, हे त्यातून जास्त कळते.

१६/
सामान्य घरांच्या वंशावळी सांभाळणारेही आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या प्रसिद्ध आहेत. सोलापूर-सांगली-कोल्हापूर आणि कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी लोक दारोदार जाऊन शेतकरी घराण्यांच्या पिढ्या म्हणून दाखवतात आणि धान्य घेतात. तुळजापुरात प्रत्येक घराण्याचा पुजारी ठरलेला असतो. आणि तुळजाभवानी ही कुलस्वामिनी कोणा एकाच जातीची? तिचे कुळाचार पाळणारी घराणी कितीतरी जातींत आहेत. कुलदैवत एक म्हणून रक्त एक, असे कोणी आजवर मानले नाही. कूळ हे श्रद्धेने, जमिनीने, गावाने आणि नोंदीने बांधलेले नाते आहे.

१७/
जातीचे काय? तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. त्यांची समाधी तिथेच आहे. म्हणून कुंभारांचेच उदाहरण घेऊ. इरावती कर्वे यांनी महाराष्ट्रातील कुंभारांकडे बारकाईने पाहिले तेव्हा एका नावाखाली अनेक स्वतंत्र समूह दिसले. चाक वेगळे, भांडी घडवण्याची रीत वेगळी, आपसांत बेटीव्यवहार नाही आणि शरीराची मापेही एकसारखी नाहीत. कर्वे यांचा निष्कर्ष असा की 'कुंभार' हे धंद्यावरून पडलेले सामायिक नाव आहे. त्याखालील प्रत्येक पोटजातीचा उगम वेगळा असू शकतो. १९६८ साली त्यांनी आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींचीही अशीच जैविक तुलना प्रसिद्ध केली.

१८/
कर्वे यांना ही सावधगिरी आयती मिळाली नव्हती. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. केली. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या 'शास्त्रा'चे मोठे नाव. त्यांची संस्था पुढे नाझी राजवटीच्या उपयोगी पडली. कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमतेचा संबंध वंशाशी असावा, ही गुरूंची अपेक्षा. तरुण इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही असे लिहून दिले. इकडे हिंदुस्थानात हर्बर्ट रिस्ली नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावत असतानाचा काळ तेव्हा फार जुना झाला नव्हता. मापपट्टी गेली, नळी आली. मोह तोच असेल तर साधन बदलून काय झाले?

१९/
कायद्याकडे पाहिले तर तोही रक्ताकडे थेट बघत नाही. महाराष्ट्रातील जात पडताळणी कागदांवर चालते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे पुरावे मागितले जातात. जमातींच्या दाव्यांत रूढी, देवदेवता, बोली विचारून आप्तभाव तपासला जाई. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही आप्तभाव चाचणी अंतिम कसोटी नव्हे आणि संविधानपूर्व काळातील कागदांना अधिक वजन द्यावे. २ सप्टेंबर २०२५चा हैदराबाद गॅझेटियरविषयीचा शासन निर्णयही शेवटी गावपातळीवरच्या चौकशीवर आणि कुळातील आधीच्या नोंदींवरच येऊन टेकतो.

२०/
इथे एक शंका येईल. पडताळणीत वडिलांकडील रक्तनात्यातील माणसाचे वैधता प्रमाणपत्र चालते. मग ते नाते डीएनएने सिद्ध करता येणार नाही का? दोन हयात माणसे सख्खे-चुलत भाऊ आहेत की नाहीत, हे डीएनए चांगले सांगतो. पण त्या भावाची जात काय, हे पुन्हा कागदच सांगतो. एकाच घराण्यात एका भावापुढे 'कुणबी' आणि दुसऱ्यापुढे 'मराठा' असे लिहिलेले आढळते. दोघांचे वाय गुणसूत्र एकच. कारकून वेगळा, वर्ष वेगळे, कदाचित विचारणारा आणि सांगणारा यांची त्या दिवशीची मनःस्थिती वेगळी.

२१/
आणि दत्तकाचे काय करणार? १८७५ साली नाशिककडच्या कवळाणे गावातील एका दूरच्या शाखेतला मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच सयाजीराव गायकवाड. १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातील मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. तेच राजर्षी शाहू. लाळेच्या नळीने पाहिले तर शाहू महाराज घाटगे ठरतील. धर्मशास्त्राने, कायद्याने, रयतेने आणि इतिहासाने त्यांना छत्रपती मानले. मराठी समाजाने वंश म्हणजे केवळ रक्त असे कधीच मानले नव्हते. हा अडाणी काटेकोरपणा नवा आहे.

२२/
आता ज्या प्रश्नावर आनुवंशिकीला खरोखर सांगण्यासारखे आहे तिकडे येऊ. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबीतील के. थंगराज, लालजी सिंग आणि अमेरिकेतील डेव्हिड राइक यांच्या चमूने दाखवले की आजचे बहुतेक भारतीय दोन प्राचीन समूहांच्या मिश्रणातून आले आहेत. २०१३च्या पुढच्या अभ्यासाने ही सरमिसळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात घातली. त्यानंतर मिसळण थांबत गेली आणि जातीतल्या जातीत लग्ने घट्ट झाली. आधी सगळ्यांनी सगळ्यांशी नाते जोडले, मग दारे लावून घेतली. शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्याला या कालक्रमात उभे राहायला फारशी जागा नाही.

२३/
दारे लावण्याची किंमत मात्र शरीर मोजते. २०१७च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूह तपासले गेले; त्यांतील ८१ समूहांत मूळ पूर्वजांचा गट इतका लहान होता की त्याचा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्कनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र दिसला. मूळ गट लहान असला की त्यातील एखाद्याचा सदोष जनुक पुढे समूहभर पसरतो. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजाचे उदाहरण डॉक्टरांना परिचित आहे. त्यांच्यातील काहींना शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारे विशिष्ट औषध दिले तर धोका होतो, कारण ते पचवणारे विकर त्यांच्यात नसते. इथे जात हा अभिमानाचा किंवा आरक्षणाचा विषय उरत नाही. भूल देण्यापूर्वी विचारण्याचा प्रश्न होतो.

२४/
मराठवाड्यात याच्या जोडीला नात्यातले लग्न आहे. मामाच्या मुलीवरचा हक्क ही इथे थट्टेची गोष्ट नव्हती. कर्वे यांनी १९५३च्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेव्यवस्था मांडताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवले, त्यात या चालीचा मोठा वाटा आहे. उत्तरेत असे लग्न निषिद्ध, दक्षिणेत पसंतीचे. आते-मामे भावंडांचा सुमारे एक अष्टमांश डीएनए सामायिक असतो. त्यामुळे दोघांकडे एकच सदोष जनुक लपलेला असण्याची आणि तो मुलात जोडीने येण्याची शक्यता वाढते. प्रत्येक लग्नात असे घडते असे नाही. पण ज्या घरात एखादे मूल लहानपणी दगावले आहे किंवा ज्याला वारंवार रक्त चढवावे लागते, तिथे पुढची सोयरीक जुळवण्याआधी हा विचार व्हायला हवा.

२५/
मग घरगुती डबी निदान त्यासाठी घ्यावी का? इथेही सबुरी बरी. २३अँडमी या अमेरिकी कंपनीला २०१३ साली तेथील औषध प्रशासनाने आरोग्यविषयक अहवाल थांबवायला लावले होते. नंतर टप्प्याटप्प्याने काही चाचण्यांना परवानगी मिळाली. २०१८ साली स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए जनुकांची जी चाचणी मान्य झाली, ती केवळ तीन बदल तपासणारी होती आणि ते तीन बदल मुख्यतः अश्कनाझी ज्यूंत आढळणारे. या दोन जनुकांत धोकादायक बदल हजारांहून अधिक आहेत. उमरग्याच्या एखाद्या बाईला असा अहवाल 'काही आढळले नाही' म्हणाला तर त्याने तिला काहीच कळलेले नसते, आणि गाठीकडे दुर्लक्ष करायला एक निमित्त मात्र मिळते.

२६/
भारतीय शरीराचे प्रश्न भारतीय नमुन्यांतूनच सुटतात. हृदयाच्या स्नायूला दुबळे करणारा २५ अक्षरांचा एक लोप भारतात सुमारे ४ टक्के लोकांत आहे, हे २००९ साली कळले ते इथल्या रुग्णांच्या अभ्यासातून. जीनोमइंडिया प्रकल्पाने सुमारे १० हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. आणि थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा वाहक ओळखायला तर नळीतील लाळ लागतही नाही. रुग्णालयातील रक्ततपासणीने ते कळते. लग्नाआधी पत्रिकेवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने तो खर्च किरकोळ असतो.

२७/
डबी विकत घेणारा एकटाच काही देत नाही, हेही ध्यानात असावे. २०१८ साली कॅलिफोर्नियातील एक जुना खुनी पकडला गेला तो दूरच्या नातेवाइकांनी हौसेने वंशावळीच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या डीएनएमुळे. खुनी सापडला ते चांगलेच झाले. पण एकाच्या लाळेतून न विचारलेल्या भावंडांची, मामा-मावश्यांची माहिती बाहेर जाते, हा धडा त्यात आहे. २०२३ साली २३अँडमीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ग्राहकांची आनुवंशिक माहिती ही तिच्या विक्रीला निघालेल्या मालमत्तेचा भाग ठरली. दप्तरखान्यातील रुमाल निदान एका खोलीत कुलूपबंद असतो.

२८/
कागदाची बाजू घेताना त्याची उणीवही सांगायला हवी. जात पडताळणीसाठी जी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर काढली जाते, ती खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील अशी उतरते. फांद्या सगळ्या पुरुषांच्या. डॉक्टरला हवी असलेली वंशावळ वेगळी असते: आत्या कुठे दिली, मावशीचे किती मुलगे जगले, आजीचा भाऊ तरुणपणीच झोपेत गेला तो कशाने, कोणाचे लग्न नात्यात झाले. यातले बरेचसे आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या बायकांना तोंडपाठ आहे आणि कुठेही लिहिलेले नाही. धाराशिवच्या तहसील कचेरीबाहेर टंकलेखक जो वंशावळीचा मसुदा करून देतात, त्यात आजीच्या माहेरच्या नावासाठी ओळच नसते.